गड्डा उठू द्या, मग कात्री लावा

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई, मी जुळे सोलापूरला राहते. गच्चीवर मिरचीच्या तीन कुंड्या आहेत. एक माझ्या आत्याच्या अक्कलकोटच्या परसातल्या बियांची. बारीक, आभाळाकडे तोंड केलेली, भयंकर तिखट. दुसरी नर्सरीतून आणलेली ज्वाला. तिसरी कसली ते आता आठवत नाही. तिच्या शेंड्याला पानांचा नुसता झुबका झालाय, पानं उंदराच्या कानाएवढी, ना फूल ना मिरची.

माझा भाचा कॅनडात असतो, त्याने एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक बाई मिरचीचं झाड वीतभर खोड ठेवून छाटते, मुळं धुते, लहान कुंडीत लावते आणि थंडीभर तळघरात ठेवून देते. उन्हं वाढली की बाहेर काढते आणि दुसऱ्या वर्षी लवकर मिरच्या तोडते. मी पण काल कात्री घेऊन वर गेले. पण आत्याच्या झाडाला शंभरेक मिरच्या लागलेल्या, हात उचलेना. यजमान म्हणतात, दहा रुपयाला रोप मिळतं, कशाला हा खटाटोप. तुम्ही सांगा, छाटू की नको? आमच्याकडे तळघर नाही, जिन्याखाली अंधार असतो, तिथे ठेवलं तर चालेल का?

— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

कात्री खाली ठेवा. हात उचलला नाही ते फार बरं झालं.

त्या कॅनडातल्या बाईचं काही चुकलेलं नाही, बरं का. तिच्याकडे पारा शून्याच्या खाली जातो. मिरचीला गोठवणारी थंडी एक रात्रसुद्धा सोसत नाही. पानांतलं पाणी गोठतं आणि सकाळी पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट होऊन लोंबतात. म्हणून झाड घरात घ्यावं लागतं. घरात पुरेसं ऊन नसतं, तेव्हा एवढा पानोळा पोसायचा कसा? म्हणून छाटायचं. आणि १० ते १३ अंशांच्या तळघरात, महिन्यातून एक-दोनदा घोटभर पाणी देऊन, झाडाला झोपवून ठेवायचं. ते वाढावं अशी अपेक्षाच नसते, मरू नये इतकंच.

आता आपली गच्ची बघा. डिसेंबरात दुपारी ३० अंशांच्या आसपास, रात्री चौदा-पंधरा, फार तर चार-दोन रात्री दहा-बाराला टेकतो. मिरचीला सगळ्यात मानवतं ते २० ते ३० अंश. म्हणजे ज्याला आपण थंडी म्हणून कानटोपी घालतो ती मिरचीची दिवाळी आहे. तुमच्या आत्याच्या झाडाने शंभर मिरच्या धरल्यात त्या उगीच नाही. भर बहरातलं झाड छाटायचं म्हणजे हुरड्याला आलेली ज्वारी उपटून घरी आणण्यासारखं झालं.

जिन्याखालचं तर विसराच. आपल्या घरात जिन्याखालीही चांगलं उबदार असतं. एवढ्या उबेत झाड झोपत नाही आणि अंधारात त्याला खायला मिळत नाही. मग ते खोडातली शिल्लक मोडून पांढुरके, लांबडे कोंब काढतं, टोपलीतल्या जुन्या बटाट्याला येतात तसे. महिनाभरात शिल्लक संपते आणि झाडही संपतं.

लोकांना वाटतं मिरची एका हंगामाचं पीक आहे. त्याला थोडं नावही कारणीभूत आहे. १७५३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिचं नामकरण केलं ते 'कॅप्सिकम अॅन्युअम', अॅन्युअम म्हणजे एका वर्षाचं. बिचारा स्वीडनचा माणूस, त्याच्याकडे हिवाळ्यात ती मरतच असणार. मुळात हे अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं बहुवर्षायू झुडूप आहे. हिव पडत नसेल तर खोड लाकडासारखं होऊन दोन-तीन वर्षं सहज टिकतं. जुन्या वाड्यांच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं, पुरुषभर उंचीचं लवंगी मिरचीचं झाड तुमच्या आत्याने नक्की पाहिलेलं असेल.

तेव्हा तुमचा प्रश्न मी थोडा फिरवून घेते. झाड थंडीतून कसं काढायचं हा प्रश्न सोलापूरचा नाही. आपल्याला ते एप्रिल-मेमधून काढायचंय. पारा ४२-४४ ला जातो, गच्चीचा स्लॅब तव्यासारखा तापतो आणि आपल्याकडची कुंडीतली मिरची मरते ती तेव्हा. कॅनडातली बाई जे थंडीच्या तोंडावर करते ते आपल्याला वेगळ्या महिन्यात, वेगळ्या कारणाने करायचंय. उसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको खरं तर, मिरचीचा खोडवा राखायचा म्हणा ना, म्हणजे कापलेल्या खोडातूनच पुढचं पीक घ्यायचं.

पण खोडवा राखायचा तर फड निरोगी पाहिजे. म्हणून आधी तुमच्या तीन कुंड्यांचा निवाडा करू.

आत्याची मिरची राखायची. आभाळाकडे तोंड करणाऱ्या या बारीक मिरच्यांची झाडं चिवट असतात आणि दुसऱ्या वर्षी चांगली डेरेदार होतात. शिवाय ती नर्सरीत मिळायची नाही.

ज्वालाला फेब्रुवारी-मार्चपर्यंत तोडा, खा आणि निरोप द्या. दुसऱ्या वर्षी तिला मिरच्या लागतात, पण लहान लागतात आणि जागा तेवढीच अडते. इथे तुमच्या यजमानांचं दहा रुपयाचं गणित अगदी बरोबर आहे, तसं त्यांना सांगा.

तिसरी बोकडली आहे, म्हणजे पानं आखडून गेलीत. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला शंका फारशी उरत नाही, तरी एकदा जवळून बघा. पानाच्या कडा वर वळून होडी झाली असेल तर ते फुलकिड्यांचं काम. कडा खाली वळून होडी पालथी झाली असेल आणि देठ लांबलेला असेल तर कोळी. हे दोन्ही आटोक्यात येतात. पण पानं बारीक, शिरा जाड, पेरं आखूड आणि शेंड्याला झुबका असेल तर तो चुरडा-मुरड्याचा विषाणू, जो पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. त्याला औषध नाही. ताक शिंपडा, राख टाका, शेजारणीने सांगितलेलं काहीही करा, झाडात शिरलेला विषाणू निघत नाही. आणि असं झाड वर्षभर सांभाळणं म्हणजे पुढच्या हंगामाच्या रोपांसाठी रोग साठवून ठेवणं. जुनी मिरची राखण्यातला हाच एक खरा धोका आहे, बाकी सगळं निभावतं.

आता आत्याच्या झाडाची थंडी. इथे करायचं कमी आणि न करायचं जास्त.

आपल्या गच्च्यांवर डिसेंबर-जानेवारीत मिरच्या मरतात त्या थंडीने नाही, पाण्याने. ऑक्टोबरच्या उन्हात रोज तांब्याभर घालायची सवय लागलेली असते. थंडीत झाड तेवढं पाणी ओढत नाही, पण आपला हात थांबत नाही. खालची पानं पिवळी पडतात, आपल्याला वाटतं तहानलंय, आणखी एक तांब्या जातो. मुळं कुजतात. बोट दोन पेरं मातीत घाला. गार-ओलं लागलं तर परत फिरा. त्याहून सोपं म्हणजे कुंडी एका बाजूने उचलून बघा. आठवडाभरात हाताला वजन कळायला लागतं, मग बोटही घालावं लागत नाही.

कुंडीत नुसती काळी माती असेल तर आणखी एक गंमत होते, ती जरूर बघा. काळी माती वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खाली पळतं, तळातून वाहतं आणि आपण समाधानाने नळ बंद करतो. मध्ये मुळांचा गोळा कोरडा ठणठणीत. अशी फट दिसली तर काडीने माती उकरून फट बुजवा आणि पाणी थोडं थोडं, थांबून थांबून द्या. कायमचा उपाय जूनमध्ये करू.

पारा दहा-बाराला जाईल त्या रात्री कुंडी पश्चिमेचं ऊन खाल्लेल्या भिंतीला चिकटवून ठेवा. भिंत रात्रभर ऊब सोडते, तेवढं पुरतं. फारच वाटलं तर जुनी सुती ओढणी टाका आणि सकाळी काढा. सोलापूरकर आहोत म्हणून चादर टाकू नका हो, तिच्या वजनाने फांद्या मोडतील.

आणि किडी. कोरड्या हवेत फुलकिडे वाढतात. पांढरा कागद धरून त्यावर एक फूल टिचकीने झटका. सुईच्या टोकाएवढे पिवळसर धागे पळताना दिसले तर ते तेच. दर चार-पाच दिवसांनी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी निम्मं काम होतं. जास्त असतील तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि चार थेंब भांडी घासायचा लिक्विड सोप, नीट ढवळून, संध्याकाळी. भर उन्हात तेल फवारलं तर पानं भाजतात. आठवड्याने पुन्हा.

बस्स. तोवर मिरच्या तोडत राहा. भोगीच्या भाजीला, बाजरीच्या भाकरीबरोबर खर्ड्याला. तोडाल तेवढ्या लागतात.

छाटणी कधी? होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतला बाजार, उठू द्या. जानेवारीच्या शेवटी, फार तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. यामागे हिशेब आहे. तेव्हापासून रात्री उबदार व्हायला लागतात, दोन आठवड्यांत डोळे फुटतात आणि कोवळी पानं मार्चअखेरपर्यंत निबर होतात. निबर पान ऊन सोसतं, कोवळं सोसत नाही. मी एका वर्षी पुण्याला लग्नसराईत अडकले आणि छाटणी एप्रिलवर गेली. सुंदर पोपटी फुटवा आला आणि तीन दिवसांत कागद जळावा तसा जळाला. त्या खोडाने पुन्हा डोळा उघडला नाही.

मिरचीचं खोड सरळ वर जातं आणि एका ठिकाणी त्याला बेचकं फुटतं. त्या पहिल्या बेचक्याच्या खाली कधीही कापायचं नाही. कॅनडातल्या बाईने वीतभर ठेवलं, तुम्ही हातभर ठेवा. बेचक्याच्या वर तीन-चार चांगल्या फांद्या निवडा, प्रत्येकीचा साधारण निम्मा भाग जाऊ द्या, कापताना पेराच्या जरा वर, तिरकं. आत घुसणाऱ्या, एकमेकींवर घासणाऱ्या काड्या काढून टाका. पण झाड पूर्ण बोडकं करू नका, थोडी जुनी पानं राहिलीच पाहिजेत, नव्या फुटव्याला तीच पोसतात. काडी मेली की जिवंत, शंका असेल तर नखाने साल खरवडा. हिरवं दिसलं तर जीव आहे. कात्री आधी डेटॉलने पुसा आणि ज्वाला छाटलीत तर पुन्हा पुसा.

आपल्याकडे डाळिंबवाले बहार धरताना पाणी तोडून झाडाला ताण देतात, पानगळ आणि छाटणी करतात, मग खत-पाणी देतात. तो प्रयोग कुंडीतल्या मिरचीवर करायचा मोह अनेकांना होतो, विशेषतः ज्यांच्या गावाकडे बाग आहे त्यांना. करू नका. डाळिंबाची मुळं जमिनीत कुठवर गेलेली असतात, मिरचीला कुंडीतली वीतभर माती. तिचा ताण चार दिवसांत मरणावर जातो. छाटल्यावर मूठभर गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळा, पाणी द्या आणि पंधरा दिवस त्या कुंडीकडे रोज सकाळी जाऊन नुसतं बघा. पेराच्या बगलेत मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसले की समजा काम झालं.

मार्चअखेरीला चार मिरच्या मिळाल्या तर मिळाल्या. एप्रिल लागला की अपेक्षा सोडा. पारा पस्तिशीच्या वर गेला की फुलं गळतात. लोक घाबरून टॉनिक आणतात. त्याची काही गरज नाही, झाड शहाणं आहे, पोसता येणार नाहीत ती पोरं ते काढत नाही. उन्हाळ्यात खतही बंद.

सावली मात्र हवीच. ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, किंवा सकाळचं नऊ-दहापर्यंतचं ऊन मिळून नंतर भिंतीची सावली येईल असा कोपरा. कुंडी स्लॅबवर टेकवू नका, खाली दोन विटा ठेवा म्हणजे मधून हवा खेळते. काळी प्लॅस्टिकची कुंडी असेल तर बाहेरून चुना फासा किंवा पोतं गुंडाळा. मातीवर आच्छादन म्हणून रसवंतीवरून उसाचं चिपाड आणा, फुकट मिळतं. पण ते दोन दिवस पाण्यात भिजवून, पाणी ओतून, वाळवून मग घाला. गोड राहिलं तर मुंग्या येतील, आणि मुंग्या आल्या की त्या मावा घेऊन येतात. हे मी चुकूनच शिकले. पाणी सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा. गच्चीवर पसरलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हातावर घेऊन बघा, चहा होईल त्यात. ते आधी बादलीत काढा.

मे महिन्यात झाड रोगट, रंग उडालेलं, चार पानांचं दिसेल. दिसू दे.

मग मृग. पहिला चांगला पाऊस झाला की झाड कुंडीतून मातीच्या गोळ्यासकट काढा. कुंडीच्या आतल्या बाजूने मुळांची जाळी झालेली असेल, टोपलीच्या विणीसारखी. ती बाहेरची दोन बोटं सुरीने तासून टाका, मेलेल्या काड्या कापा आणि नव्या मातीत लावा. एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू. ती कडेच्या फटीची कटकट इथे संपते. बोअरचं पाणी घालत असाल तर कुंडीच्या काठाला क्षाराची पांढरी पुटं चढली असतील. ती घासून काढा आणि पहिले दोन-तीन पाऊस कुंडीवर मोकळे पडू द्या, मातीतले क्षार धुऊन जातात. श्रावणात झाड पुन्हा फुलावर येईल, तेव्हा नव्या रोपवाल्यांची मिरची अजून गुडघ्याएवढी असते.

असं किती वर्षं? दुसरं वर्ष उत्तम, तिसरं बरं. पुढे मिरच्या बारीक होत जातात, मग ते झाड प्रेमापोटी ठेवायचं. म्हणून आत्याच्या मिरचीची सगळी भिस्त एका खोडावर ठेवू नका, बी धरा. शेजारी ज्वाला आहे आणि मधमाश्या कुंडी बघून फुलावर बसत नाहीत, त्यामुळे बियांत सरमिसळ होऊ शकते. एका फांदीवरच्या कळ्या उमलायच्या आधी तिला पातळ मलमलची पिशवी बांधा. फुलं उमलली की पिशवीला हलक्या टिचक्या मारा, आतल्या आत परागकण पडतात. बारीक मिरच्या धरल्या की पिशवी काढा आणि त्या देठांना लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे घाईत कुणी खर्ड्यात घालणार नाही. झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या, सावलीत वाळवा, बी काढून कोरड्या राखेत मिसळून बाटलीत भरा. बी काढलेला हात चार तास डोळ्याला लावू नका. त्यातलं चिमूटभर बी अक्कलकोटलाही परत पाठवा, आत्याच्या परसात ते अजून असेलच असं नाही.

चुरडा-मुरडाच निघाला तर तिसरी कुंडी उद्या सकाळी, चहाच्याही आधी. गारव्यात पांढऱ्या माशा सुस्त असतात. झाडावर वरून मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला, बुडाशी आवळा, मगच उपटा. झाडलं-हलवलं तर सगळ्या माशा उडून आत्याच्या मिरचीवर जाऊन बसतील. पिशवी गाठ मारून दिवसभर उन्हात ठेवा आणि संध्याकाळी कचऱ्यात. ती माती फेकायची गरज नाही, त्यात मेथी पेरा.